साखरपुड्यातला गोळा

रामवाडी, पेण
शिमग्यानंतरचा दुसरा रविवार

ती. सुशीलदादास,

जगनचा वाकून नमस्कार. (वाकून हे फक्त लिहिण्यापुरतं. प्रत्यक्ष वाकायला वैशालीने अजून परवानगी दिलेली नाही.) वहिनींचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल त्या लावतात का, की बाटली खिडकीत ठेवून तिच्याकडे नुसत्या बघतात? नाशकातली थंडी आता सरली असेल. इकडे सगळे बरे आहेत असं पत्रात लिहायची पद्धत आहे, आणि यावेळी ते खरंही आहे, म्हणून बिनधास्त लिहितो.

तुला प्रतिक्षाचा फोन आला होता हे मला कळलं. आपली बहीण मनाने चांगली आहे, पण तिला गोष्ट शेवटापासून सांगायची खोड आहे. "मनस्वीच्या साखरपुड्यात जगनदादा आडवा झाला" एवढं सांगून तिने म्हणे फोन ठेवला, कारण गॅसवर दूध होतं. त्यानंतर तू ग्रुपवर माझी चौकशी केलीस, ती वाचून तीन जणांनी मला हात जोडलेली चित्रं पाठवली आणि गोव्याच्या आत्तेभावाने कुठल्या हॉस्पिटलात ठेवलंय ते विचारलं. म्हणून हे कागदावर लिहितोय. फोनवर तू मधेच हसतोस आणि मग माझा धागा तुटतो. शिवाय झालेल्या प्रकाराचं मूळ तुझ्यापाशीच आहे, तेव्हा सगळं नीट आणि क्रमाने कळण्याचा तुला हक्क आहे.

मूळ म्हणजे तुझी सायकल. दिवाळीत तू आलास, माझं पोट बघितलंस, जोह्याच्या कारखान्यात दिवसभर मांडी घालून गणपतींचे डोळे आखणाऱ्या माणसाचं हेच होणार असं म्हणालास, आणि जाताना तुझी निळी सायकल ठेवून गेलास. वापर, पण जपून वापर, असं म्हणालास. मी वापरली. आधी रामवाडीपासून जोह्यापर्यंत, मग गडबपर्यंत, मग नागोठण्यापर्यंत. माणसाला एकदा नागोठणं जमलं की त्याला महाड दिसायला लागतं. त्यात मला हितेश भेटला. हा रामवाडीतला औषधाच्या दुकानाचा मालक. स्वतः विकतो त्यातल्या निम्म्या औषधांवर त्याचा विश्वास नाही आणि उरलेल्या निम्म्यांची त्याला चीड आहे. पण सायकल चांगली मारतो. आमचं ठरलं की पेणहून महाड गाठायचं आणि तसंच परत यायचं.

आता तारीख अशी निघाली की त्याच दिवशी संध्याकाळी रोह्याला प्रतिक्षाच्या मनस्वीचा साखरपुडा. (कोणीही म्हणेल की सायकलची तारीख बदलायची. वैशालीने तेच म्हटलं, तेही भांडी आपटून म्हटलं.) पण मी नकाशा काढून बघितला. महाडहून परतताना कोलाडला यायचंच आहे, आणि कोलाडला आत वळलं की रोहा. म्हणजे पेणपर्यंत परत न येता मी रोह्यालाच थांबणार, हॉलवर अंघोळ करणार, वैशाली गाडीतून आणणार तो कुर्ता घालणार, आणि मुलीचा मामा म्हणून ताजातवाना उभा राहणार. हितेश एकटा पेणला जाईल. कागदावर यात काहीही चूक नव्हती. आजही नाही.

तू त्या आधीच्या महिन्यात फोन करून मला इलेक्ट्रोलाइटचं समजावलंस, ते मी नीट ऐकलं होतं हे इथे नोंदवतो. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहतो. घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. आपण वर नुसतं पाणी पीत राहिलो तर अंगात उरलेलं मीठ आणखी पातळ होतं, आणि मग पायात गोळे येतात. त्यासाठी तासाला एक गोळी बाटलीत टाकायची, पहिल्या तासापासून, गोळा यायची वाट न बघता. कुरिअरने तू गोळ्यांची नळीसुद्धा पाठवलीस. मी ती जपून कपाटात ठेवली आणि त्या पहाटे आठवणीने पिशवीत घेतली. पण दादा, आपल्या घरात चांगल्या वस्तूचं काय होतं ते तुला माहीत आहे. आईने काचेचे कप पाहुण्यांसाठी ठेवले होते, आणि पाहुणे आले की ती म्हणायची, हे काय घरचेच आहेत. तसं माझं झालं. पहिल्या तासाला वाटलं, आत्ता कुठे घाम आलाय. नागोठण्याला वाटलं, अजून सुकेळी खिंड यायची आहे. खिंड चढून झाल्यावर वाटलं, चढलो की, आता कशाला. अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेली गोष्ट अडचण नसताना फोडायची, हे आपल्या स्वभावात बसत नाही.

वर हितेशचं तत्त्वज्ञान सोबतीला होतं. त्याचं म्हणणं, असली पावडर आणि गोळ्या जुलाब झालेल्यांसाठी असतात, ज्याला जुलाब नाहीत त्याने त्या घेणं म्हणजे छत्री घेऊन घरात बसणं. मी त्याला म्हटलं की हे माझ्या नाशिकच्या दादाने सांगितलंय. तो म्हणाला, नाशकाला घाम येतो का? मी नळी पिशवीतच राहू दिली. मी पाणी मात्र भरपूर प्यायलो. वडखळ, गडब, कोलाड, माणगाव, जिथे नळ दिसला तिथे बाटली भरली, जिथे सावली दिसली तिथे ती रिकामी केली. माझ्या अंगावरच्या काळ्या बनियनवर इतकं मीठ फुटलं होतं की हितेश म्हणाला, पाठीवर नकाशा उमटलाय. (आपल्या आज्याने उभा जन्म खाडीकडच्या मिठागरात मीठ ओढलं. त्याचा नातू अंगातलं मीठ कमी पडून आडवा झाला हे त्याला कळलं असतं तर तो हसला असता की रडला असता, सांगता येत नाही. बहुतेक त्याने मला फावडं दिलं असतं.)

महाडला पोचलो तेव्हा मी खरोखर उत्तम होतो. फोटो पाठवला होता तो त्याच वेळचा. परतीला ऊन डोक्यावर आलं आणि वारा समोरून. लोणेऱ्याला लिंबूसोड्याची गाडी होती. त्या बाईने विचारलं, गोड का खारा? आणि मी गोड म्हणालो. दादा, या एका शब्दाचा मी नंतर हॉलच्या फरशीवर पडल्या पडल्या बराच विचार केला.

इंदापूर सोडल्यावर डाव्या पोटरीत काहीतरी थरथरायला लागलं, मांसाच्या आत कोणीतरी मोबाईल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखं. मी दुर्लक्ष केलं. कोलाडच्या वळणावर पहिला खरा गोळा आला. पोटरीचा लिंबाएवढा गड्डा होऊन तो वर सरकला, आणि मी सायकलवरून उतरलो म्हणण्यापेक्षा सायकल माझ्याखालून निघून गेली. मोरीच्या कठड्यावर बसलो. हितेशने पायाचा अंगठा धरून मागे ओढला. हळूहळू गोळा सुटला. तेव्हा तो स्वतःहून म्हणाला, "घे बाबा तुझ्या दादाची गोळी, मी काय बोलत नाय." आणि मी काय केलं? मी म्हटलं, आता रोहा राहिलंय किती, एवढ्यासाठी नवी नळी कशाला फोडायची.  मग पेणला जाणारा एक रिकामा टेम्पो आला, त्यात हितेशने आपली सायकल चढवली आणि स्वतःही चढला. त्याच्याही मांडीत काहीतरी होत होतं असा मला संशय आहे, पण तो कबूल करत नाही.

हॉलवर पोचलो तेव्हा उशीर झाला होता. रोह्याच्या नदीजवळचा हॉल, दारात गाड्या, आत दोन्हीकडची माणसं बसलेली. वैशालीने मला बघितलं आणि काही बोलली नाही, म्हणजे बोलणं पुढे ढकललं. अंघोळीला वेळ नव्हता. मागच्या नळावर डोकं भिजवलं आणि कुर्ता घातला. पायजमा घालताना घोळ झाला. सायकलची ती गादीवाली अर्धी चड्डी असते ना, ती काढायला वाकावं लागतं, आणि वाकलं की मांडीमागे काहीतरी आवळायला लागायचं. म्हणून चड्डीवरच पायजमा चढवला. मागून मी कसा दिसत होतो ते प्रतिक्षाने नंतर सांगितलं, ते लिहीत नाही. चालत मात्र बदकासारखा होतो. आपले कमळाकरदाजी, म्हणजे मुलीचा बाप, दाराशी उभे होते. ते एवढंच म्हणाले, "आलास ना, आता नीट ऱ्हा. माणसं मोठी हायत."

माणसं खरंच मोठी होती. मुलगा सुजय, नदीपलीकडच्या अष्टमी गावचा, कंपनीत पहिल्या शिफ्टला असतो, शांत पोरगा. त्याचे वडील हैबतराव, भाताची आणि वालाची शेती, गावात शब्दाला वजन. आणि हैबतरावांची आई, कृष्णाबाई, हॉलच्या मधोमध खुर्चीवर बसलेल्या. नव्वदीकडे झुकलेल्या, पण नजर अशी की साडीच्या पदराला पडलेला डाग समोरच्या रांगेतून दिसावा. हे लग्न त्यांना फारसं पसंत नव्हतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी नोकरी करते, लॅबमध्ये रक्त तपासते, आणि तोंडावर बोलते, या तीन तक्रारी. तेव्हा मामाने आधी त्यांच्या पाया पडावं असं ठरलेलं.

मी गेलो आणि वाकलो. वाकताना दोन्ही मांड्यांच्या मागे आणि दोन्ही पोटऱ्यांत, एकाच वेळी, गोळा आला. मी गुडघ्यांवर गेलो, गुडघ्यांवरून पोटावर, आणि माझं कपाळ कृष्णाबाईंच्या पावलांवर टेकलं.  सुरुवातीला लोकांना ते आवडलं. आजकाल इतका वाकून नमस्कार कोण करतो? कृष्णाबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "औक्षवंत हो." मी उठलो नाही. त्यांनी जरा वाट बघून पुन्हा आशीर्वाद दिला. मी तरीही उठलो नाही, उलट माझ्या डोळ्यांतून पाणी येऊन त्यांच्या पावलांवर पडायला लागलं. त्यांना भरून आलं असावं, कारण त्यांचा आवाज बदलला. "बास रं पोरा," त्या म्हणाल्या, "एवढा कशाला रडतोस, पोर काय परक्याच्या घरी नाय चालली." मला बोलायचं होतं. पण वेदना अशी होती की दातखीळ बसल्यासारखे दात आवळले होते, आणि तोंडातून जे निघालं ते घूं घूं असं काहीतरी निघालं. तेवढ्यात माझे पाय ताठ होऊन थरथरायला लागले.

मागून कोणीतरी म्हणालं, "याला फीट आली."

त्या शब्दानंतर काय झालं ते सांगायला जितका वेळ लागेल त्याच्या दहाव्या भागात ते झालं. कोणीतरी मला उताणा केला. कोणीतरी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबला. जेवणाच्या बाजूने चिरलेला कांदा आला आणि नाकात जवळजवळ घातला गेला. एका गृहस्थाने पायातली चप्पल काढून हुंगायला धरली. (चप्पल नवी होती, साखरपुड्यासाठी घेतलेली, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.) वैशाली ओरडत होती की त्याच्या पायात गोळा आलाय, पण तिचं ऐकणारं कोणी नव्हतं, कारण बायको असंच म्हणणार असं सगळ्यांनी धरलेलं. मी डोळे उघडे ठेवून छताचा पंखा बघत होतो. मला सगळं ऐकू येत होतं. आणि म्हणूनच हैबतराव आपल्या दाजींना बाजूला घेऊन जे बोलले तेही मी ऐकलं. ते रागावलेले नव्हते. ते अगदी हळू म्हणाले, "कमळाकरराव, असं काय घरात असेल तर आधी सांगायचं होतं. पोराबाळांचा प्रश्न असतो."

दादा, इथे मी थट्टा करत नाही. मी सकाळपासून सायकलवर मजेत होतो, आणि त्या एका वाक्यानंतर मला कळलं की मी काय करून बसलोय. प्रतिक्षा खांबाला टेकून उभी होती, तोंडाला पदर लावून, आणि तिने माझ्याकडे बघितलं. तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मुलाकडची मोठी माणसं उठून बाजूच्या खोलीत गेली आणि दार लोटलं. आपल्याकडची माणसं खुर्च्यांवर बसून राहिली.  जेवणाच्या बाजूला वालाच्या बिरड्याचा वास सुटला होता आणि वाढणारा माणूस विचारायला आला की पानं मांडू का, तर त्याला काय सांगावं ते कोणाला कळेना.

मग मनस्वी उठली. नवी साडी, केसात गजरा, अंगठी अजून बोटात नाही. ती माझ्याजवळ फरशीवर येऊन बसली, पायाला हात लावून बघितला, आणि उठून सरळ त्या खोलीच्या दाराशी गेली आणि दार ढकललं. ती म्हणाली, "माझ्या मामाला फीट नाय. असती तरी मी इथेच येऊन सांगितलं असतं, त्यात लपवण्यासारखं काय हाय? फीट येणारी माणसं गोळ्या घेऊन नीट संसार करतात, मी रोज बघते. पण याला फीट नाय, याला हट्ट हाय. हा सकाळी पेणवरून सायकलने महाडला जाऊन आलाय."

 आतून कृष्णाबाईंचा आवाज आला. "कुठं जाऊन आलाय?"

"महाडला."

"सायकलवर?"

"व्हय आजी."

"आणि गाडी नव्हती काय?"

 या प्रश्नामुळे दार उघडं राहिलं आणि हैबतराव बाहेर आले. ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. मी तोवर भिंतीला टेकून बसलो होतो, कुर्त्यावर कांदा, हातात कोणाच्या तरी किल्ल्या. ते सरळ मनाचे आहेत. म्हणाले, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण मला कळलं पायजे." मी त्यांना समजवायला लागलो. घाम, मीठ, पाणी, तू मला सांगितलंस ते सगळं, त्याच क्रमाने. इलेक्ट्रोलाइट या शब्दापाशी आलो आणि उजव्या पायात पुन्हा गोळा आला.

दादा, त्या क्षणी मला वाटलं, संपलं. पण हैबतराव उठले नाहीत. त्यांनी माझ्या पोटरीवर हात ठेवला, तो दगडासारखा गड्डा त्यांना लागला, आणि त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "मला वळखता का?"

"हैबतराव," मी म्हणालो. दात आवळलेले, पण म्हणालो.

"पेणवरून निघालात तर आधी काय लागतं?"

"वडखळ."

"मग?"

"गडब. मग कासू. मग आई गं. मग नागोठणं."

"आई गं कुठं आलं?" मागून कोणीतरी विचारलं. हैबतरावांनी हाताने त्याला गप्प केलं. "पुढं?"

"सुकेळी. खांब. कोलाड." इथे मी मनस्वीला पाय ओढायला सांगितलं, ती ओढत होती, आणि मी गावं म्हणत होतो, इंदापूर, माणगाव, लोणेरे, महाड, आणि प्रत्येक गावाला सगळा हॉल मान हलवत होता, कारण ही गावं त्यांना पाठच. महाडला गोळा सुटला. हैबतराव मागे टेकले. त्यांनी आपल्या माणसांकडे बघून सांगितलं, "फीटवाल्याला शुद्ध नसते. हा तर कंडक्टरसारखा बोलतोय."

त्यानंतर मी पिशवी मागवली आणि नळी फोडली. काय सांगू, त्या वेळी मला जरा मोठेपणा आला. एका पेल्यात पाणी घेतलं, गोळी टाकली, ती फसफसून वर आली, पाणी नारिंगी झालं, आणि पहिल्या दोन रांगा उठून बघायला आल्या. मी पेला उंच धरून सगळ्यांना सांगितलं की हे आधी घ्यायचं असतं, मी घेतलं नाही, ही चूक माझी. प्यायलो. थोड्या वेळाने पाय मोकळे झाले. गोळीने झाले, बसल्याने झाले की नुसत्या वेळाने, हे प्रामाणिकपणे सांगता येणार नाही, पण तिथे कोणी इतकं बारीक विचारलं नाही. कृष्णाबाईंनी पेला मागवला, तळाशी उरलेला घोट चाखला आणि म्हणाल्या, "मीठ कुठं हाय यात? मीठ हाय म्हणतोस." मी म्हटलं, असतं आजी, कळत नाही. त्या म्हणाल्या, "कळत नाय तर कशाला घालतात?" मग त्यांनी मनस्वीला जवळ बोलावलं, तिची हनुवटी धरून जरा वेळ बघितलं. "मोठ्या माणसांच्या खोलीचं दार ढकलतेस व्हय गो?" त्या म्हणाल्या. मनस्वी म्हणाली, "लोटलेलं होतं आजी, कडी नव्हती." म्हातारी हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं. ती सुजयकडे वळून म्हणाली, "बघतोस काय, घाल अंगठी. बिरडं निवतंय."

अंगठ्या झाल्या, पेढे झाले, जेवणं झाली. मला खुर्चीवर पान दिलं, सोबत मिठाची एक अख्खी वाटी ठेवली होती. ती कोणी ठेवली ते कळलं नाही. सुजय माझ्याजवळ येऊन बसला आणि इतक्या वेळात पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "मामा, दार ढकललं तेव्हा मी आत होतो. मीच उठून बाहेर यायला पाहिजे होतं. ती आधी आली." मी म्हटलं, आता आयुष्यभर तीच आधी येणार, सवय करून घे. तो मान हलवून जेवायला लागला. पोरगा चांगला आहे. लग्न वैशाखात, तारीख कळवतोच. तू आणि वहिनी चार दिवस आधी या. पेणला आपल्याकडेच उतरा, वरच्या खोलीला पंखा बसवलाय.

वैशाली नमस्कार सांगते. ती माझ्याशी आता बोलते आहे.

तुझा,
जगन

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. घरी आल्यावर वैशालीने ती नळी हातात घेतली आणि चष्मा लावून वाचली. ती तिच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांची निघाली. दोन्ही नळ्या नारिंगी, दोन्ही एकाच कप्प्यात, पहाटे अंधार, आणि माझा चष्मा गादीखाली. म्हणजे मी त्या दिवशी तासाला एक घेतली असती तरी झालं ते झालंच असतं, हे हितेशला कळू देऊ नकोस. तू पाठवलेल्या खऱ्या गोळ्या वैशालीने व्हिटॅमिन समजून रोज सकाळी एक अशा संपवल्या आहेत. तिच्या पायात गोळा आलेला नाही. येताना एक नळी आण.

ता. क. दुसरा. पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते हे. जेवणं झाल्यावर हैबतरावांनी सायकल बघायला मागितली. एका हाताने उचलून बघितली, हलकेपणाने चकित झाले, मग हॉलभोवती एक फेरी मारली आणि उतरले तेव्हा चेहरा लहान मुलासारखा झालेला. लग्न मोडता मोडता राहिल्याच्या आनंदात मी म्हटलं, तुम्हाला आवडली तर राहू द्या तुमच्याकडेच. माणूस अशा वेळी एकदा तरी नाही म्हणतो. ते नाही म्हणाले नाहीत. ती आता अष्टमीला त्यांच्या ओटीवर असते, आणि रोज सकाळी ते भिसे खिंडीच्या दिशेने जातात असं मनस्वी सांगते. सायकल माझी नव्हे हे त्यांना सांगायला मला तेव्हा सुचलं नाही, आणि आता सांगणं वैशाखापर्यंत तरी शक्य नाही. लग्नात ते ती सगळ्यांना दाखवतील, तुलाही दाखवतील. दादा, तेव्हा ती पहिल्यांदाच बघतोयस अशा तोंडाने बघ, आणि सीट खाली वाटली तरी हात लावू नकोस.